एकच खिळा

धडगाव सोडलं की रस्ता दोनदा विचार बदलतो,
मग नुसती पायवाट उरते, तिलाही दम लागलेला.
मी वर पोचलो तेव्हा निंबोणीपाड्यावर
एक घर उभं राहत होतं
आणि मला त्याचं वय लिहायचं होतं.

रकाना चार.
नुरजी पावरानं खांबावरून हात फिरवला.
हा आज्याचा. अंजनाचा आहे, कुऱ्हाड उलटी येते त्याच्यावरून.
हा सागाचा, बापानं आणला, मी तेव्हा आईच्या पाठीवर.
आढं परवाच्या वादळात पडलेल्या झाडाचं.
कौलं अर्धी सासऱ्याची,
अर्धी खेमाकडून, ती परत द्यायचीयत.
कूड तर आज विणतोय, बघतोच आहेस.
आता लिही, सर.

मी पेन्सिल कानावर ठेवली.

पलीकडच्या टेकड्यांवरून माणसं उतरत होती,
एकेक घर एकेका टेकडीवर, त्यामुळे एकेक माणूस एकेका वाटेनं.
लाह होती. मजुरी कोणालाच नाही,
दुपारी भाकरी, उडदाची डाळ,
आणि संध्याकाळी जे काय असेल ते.
गेंद्या आढ्यावर घोड्यासारखा बसून
पळसाच्या मुळाची दोरी दातांनी ताणत होता.
खाली पोरं चिखल तुडवत होती:
माती, शेण, भगरीचं तूस,
आणि एकाची हरवलेली गोटी, ती आता भिंतीत आहे.

गुरांच्या बाजूला वीण सैल का, मी विचारलं.
दितलीबाई लिंपता लिंपता म्हणाली,
त्यांनाही श्वास लागतो ना.
मग माझ्याकडे बघून,
तुझं घर कसलं?

माझं अमळनेरला. स्लॅबचं.
मे महिन्यात रात्री दोनपर्यंत भिंत हात लावू देत नाही.
आधी धाबं होतं, मृगाआधी वर खारी पसरून
आम्ही भावंडं ती चोपायचो,
आणि खाली आई ओरडायची, स्वयंपाकात माती पडते.
हे सगळं मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, पक्कं आहे.

रकाना पाच: भिंतीचा प्रकार.
दोनच चौकोन. मी ‘कच्ची’वर खूण केली,
बोटाला ओला कूड लागला होता,
डाग चौकोनाबाहेर पसरला
आणि खालच्या तीन प्रश्नांवर बसला.

रकाना अकरा: बांधकामास लागलेले लोखंड.
अख्खं घर फिरून पाहिलं.
बेचक्यात तुळई, तुळईवर वासे, सगळं एकमेकांना धरून,
जत्रेत पोरं धरतात तसं.
शून्य लिहिलं.
मग पिशवीतून घरक्रमांकाचं पत्र्याचं पान काढलं
आणि अंजनाच्या खांबावर ठोकायला लागलो.
पहिला खिळा वाकला. दुसराही.
तिसरा कसाबसा शिरला.
आढ्यावरून गेंद्या हसला,
म्हणाला, आज्याला टोचलं.

दोन वर्षांनी फेरतपासणीला गेलो.
घर नव्हतं.
सारवलेल्या जमिनीचा फिकट चौकोन तेवढा,
खांबांच्या जागी आठ खड्डे, दोघांत मका उगवलेला.
कोणी गेलं का, असं मनात येऊन गेलं,
तेवढ्यात समोरच्या टेकडीवरून हाक आली.

थोरला वेगळा राहू लागला होता,
इकडचं पाणी आटलं होतं,
म्हणून एका दिवसात घर खांद्यांवर घेऊन
नाला ओलांडून गेले.
तेच खांब, तीच कौलं, खेमाची अजून परत न केलेली.
कूड नवा.
पत्रा होता, अंजनावरच,
पण पळसाच्या दोरीनं बांधलेला, जरा तिरका.

मी वही उघडली. पत्ता कोणता लिहू?
नुरजी आत गेला,
भाकरीच्या टोपलीमागं चाचपडला
आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

हा घे, सर. तुझा खिळा.
सरळ करून ठेवलाय.